गोडेल यांचा कालविषयक युक्तिवाद : एक परामर्श

कालाचा ओघ वास्तव नाही, हा कुर्ट गोडेल यांचा निष्कर्ष आइन्स्टाइन यांच्या तत्त्वविचारावरील, शिल्प-संपादित ग्रंथात १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा पाया गणिती असला, तरी निष्कर्ष तत्त्वज्ञानाचा आहे. या दोहोंमधील अंतर तपासणे आवश्यक ठरते.

विशिष्ट सापेक्षतेने सर्व निरीक्षकांना समान असा ‘आता’ नाहीसा केला. विश्वातील द्रव्याच्या सरासरी गतीला अनुसरून विश्वकाल कल्पिल्यास तो परत मिळतो, असा जेम्स जीन्स यांचा पक्ष होता. गोडेल यांनी क्षेत्रसमीकरणांची अशी उकल दाखविली की, तीत द्रव्य सर्वत्र परिभ्रमण करते, विश्वकाल आखताच येत नाही आणि काही विश्वरेषा स्वतःच्याच भूतकाळाला जाऊन मिळतात. या विश्वात प्रसरण नाही. ते आपले विश्व नव्हे, हे त्यांनाही मान्य होते. परंतु जो ओघ द्रव्याच्या मांडणीवर अवलंबून राहतो तो वास्तव कसा मानावा, हा त्यांचा प्रश्न होय.

युक्तिवाद येथेच दुबळा पडतो. अवकाश-कालाची वक्रताही द्रव्याच्या मांडणीवरच अवलंबून असते. व्यापक सापेक्षतेचे ते सारच आहे. तेवढ्यावरून वक्रता अवास्तव ठरत नसेल, तर ही अट कालालाच का लावावी?

शिवाय निजकाल, म्हणजे निरीक्षकाने बरोबर बाळगलेल्या घड्याळाचा काल, गोडेल-विश्वातही शाबूत राहतो. हाफेल व कीटिंग यांनी १९७१ मध्ये विमानांतून पृथ्वीभोवती फिरविलेल्या आण्विक घड्याळांत, किंवा २०१० मध्ये अवघ्या ३३ सेंटिमीटर उंचीच्या भेदामुळे दोन घड्याळांत जो फरक मोजला गेला, तो निजकालांचाच होता. निजकाल हे केवळ माप आहे, ओघ नव्हे, असे गोडेल यांच्या बाजूने म्हणता येईल. ते मान्य केले, तर मात्र तो आक्षेप सापेक्षतेच्या प्रत्येक विश्वाला लागू पडतो आणि परिभ्रमी विश्वाची उकल निष्कर्षापुरती अनावश्यक ठरते.

गोडेल यांचे खरे श्रेय वेगळे आहे. विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे, हे विधान द्रव्याच्या सरासरी गतीबरोबर चालणाऱ्या निरीक्षकापुरतेच खरे आहे. विश्वकाल ही आपल्या विश्वाची वस्तुस्थिती आहे, निसर्गाचा नियम नव्हे. अशा उकली भौतिक कारणांनी त्याज्य ठरतील काय, हा आइन्स्टाइन यांनी त्याच ग्रंथात उपस्थित केलेला प्रश्न अद्याप अनिर्णित आहे. स्टीफन हॉकिंग यांचे १९९२ चे कालक्रमरक्षणाचे प्रतिपादनही अटकळच राहिले आहे. सारांश, गोडेल यांनी कालाचे नव्हे, तर सार्वत्रिक ‘आता’च्या अनिवार्यतेचे खंडन केले, एवढेच म्हणता येते.