‘चीयिन्’ : मित्र कीं जाणता ?

चिनी काव्यांतील ‘चीयिन्’ हा शब्द इंग्रजी भाषान्तरांतून पुष्कळदां ‘जिवलग मित्र’ होऊन येतो. त्याचा अक्षरार्थ मात्र ‘स्वर जाणणारा’ इतकाच आहे. कथा प्रसिद्ध आहे. पो-या हा ‘छिन्’ नांवाचें तंतुवाद्य वाजवी. त्यानें मनांत पर्वत आणला कीं चुंग त्सु-छीला पर्वत जाणवे, वाहतें पाणी आणलें कीं पाणी. त्सु-छी वारला तेव्हां पो-यानें वाद्य फोडलें, तारा तोडल्या आणि जन्मांत पुन्हां वाजविलें नाहीं, असें ‘ल्यूशी छुनछिऊ’ या ग्रंथांत सांगितलें आहे. नुसता मित्र गेला असता तर वाद्य फोडण्याचें कारण काय? गेला तो ऐकणारा कान!

इ. स. ५०० च्या सुमारास ल्यू श्ये या टीकाकारानें आपल्या ‘वन्-शिन् त्याव-लुंग’ ग्रंथाच्या ५० प्रकरणांपैकीं ४८ व्या प्रकरणास हेंच नांव दिलें. तेथें तर मैत्रीचा प्रश्नच नाहीं; विषय काव्यपरीक्षणाचा आहे. लोक प्राचीनांस डोक्यावर घेतात व समकालीनांस तुच्छ लेखतात, ही त्याची तक्रार आमच्या मासिकांस अगदींच अनोळखी वाटूं नये. परीक्षकानें आधीं पुष्कळ सुरावटी हातांखालून घालाव्या, असें तो बजावतो.

आपला ‘सहृदय’ येथें सहज आठवतो. काव्याच्या अनुशीलनानें मन आरशासारखें स्वच्छ व्हावें, ही अभिनवगुप्ताची अपेक्षाहि याच जातीची. तथापि सहृदय हा सर्वच काव्यांचा. चीयिन् हा बहुधा कोणा एकाचा असतो. म्हणून मराठींत मी ‘त्याचा जाणता’ असें म्हणेन. ‘मित्र’ खचित नव्हे.