म्हातारीची पदके

फराळाच्या ताटाशेजारी युद्धाची गोष्ट ठेवणे जरा अप्रशस्तच. तरी मी ते धाडस करतो. ‘पीटर पॅन’चा कर्ता जेम्स बॅरी याची ‘दि ओल्ड लेडी शोज हर मेडल्स’ ही कृती म्हणायला एकांकिका. पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, १९१७ साली, ती लंडनच्या रंगभूमीवर आली. छापील संहितेतल्या रंगसूचना मात्र इतक्या ऐसपैस आणि गप्पिष्ट आहेत की ती कथा म्हणूनच वाचावी.

लंडनमधल्या एका तळघरात चार म्हाताऱ्या मोलकरणी चहा पीत बसल्या आहेत. विषय एकच, आघाडीवर गेलेले आपापले मुलगे. घरधनीण मिसेस डाउई हिचा केनेथ ‘ब्लॅक वॉच’ या स्कॉटिश पलटणीत आहे. त्याच्या पत्रांचा जुडगा ती तोऱ्याने मिरवते. खरी गोष्ट अशी की बाईला मूलबाळच नाही! वर्तमानपत्रात आपल्या आडनावाचा शिपाई दिसला आणि तिने तो मुलगा म्हणून उचलला. पत्रांचे कागद कोरे. अशात एक भाबडा पाद्री खुद्द केनेथलाच, रजेवर आलेला, चिखलाने माखलेला, तिच्या दारात आणून उभा करतो.

केनेथ अनाथ, आडदांड, आणि संतापलेला. त्याची बोली अस्सल स्कॉट. शाळेत शिकलेल्या इंग्रजीच्या भरवशावर बसलेला वाचक पहिल्या पानावर ठेचकाळेल. त्याने कोश उघडू नये, वाक्य मोठ्याने म्हणावे. अर्ध्याहून अधिक अर्थ कानालाच कळतो. या राकट बोलीमुळेच प्रसंग पाघळत नाही. गुळगुळीत इंग्रजीत हाच केनेथ रडका झाला असता. मराठीत आणताना त्याला कोणती बोली द्यावी, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

म्हातारीचा बचाव एवढाच की युद्ध सगळ्यांचे होते, फक्त तिचे नव्हते. येथे मी दर वेळी थबकतो. दुःखात वाटा नाही याचेही दुःख असू शकते? आणि तो वाटा मागणारी ही बाई भोळी की भयंकर? बॅरी उत्तर देत नाही. बॅरीवर नेहमी होणारा भावविवशतेचा आरोप मला इतरत्र मान्य आहे. येथेही पाद्री पुठ्ठ्याचा आहे आणि मोलकरणींची नोकझोक थोडी लांबली आहे. पण आईवेगळ्या केनेथने गुडघे टेकून तिला ‘माझी आई हो’ अशी मागणी घालावी, हा प्रसंग मला खोटा वाटत नाही. आईबाप गमावलेल्या लुएलिन डेव्हिस बंधूंना बॅरीने सांभाळले होते. त्यांतला थोरला जॉर्ज १९१५ मध्ये फ्लँडर्सच्या आघाडीवर पडला. मानलेले नाते युद्धात काय भोगते, हे लेखकाला ऐकीव नव्हते.

पुस्तकावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. प्रत सहज मिळते. घरात दोघांनी भूमिका वाटून घ्याव्यात, केनेथ खड्या आवाजाच्या माणसाकडे द्यावा. शेवटचा प्रवेश मात्र ज्याने त्याने मनातच वाचावा. त्यात संवाद नाही. पहाटे म्हातारी उठते, खणातून काळा झगा, शिपायाची टोपी, शॅम्पेनचे एक बूच आणि या वेळी खरी असलेली थोडीशी पत्रे काढते, नीट लावून ठेवते, आणि बादली घेऊन कामाला जाते.