नसलेल्या परीक्षणाची तळटीप

गेल्या उन्हाळ्यात एका महाविद्यालयाने एम. ए. मराठीचे संशोधन प्रकल्प तपासायला माझ्याकडे पाठवले होते. गठ्ठ्यातला एक प्रकल्प ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’वर होता. मांडणी चांगली होती आणि विद्यार्थिनीने मूळ पुस्तक खरोखर वाचले आहे हे पानोपानी जाणवत होते. ‘समकालीन प्रतिसाद’ या प्रकरणात मात्र मी दोन तळटिपांपाशी अडलो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८३ साली ‘निबंधमाले’त या पुस्तकावर कडक टीका केली, असे पहिली तळटीप सांगत होती. दुसरीत ‘विविधज्ञानविस्तार’मधल्या १८८४ सालच्या एका परीक्षणाचा हवाला होता, शीर्षक आणि पृष्ठांकांसकट.

पहिल्या तळटिपेचा निकाल खुर्चीतून न उठता लागला. ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली आणि ८४ अंक काढून १८८१ मध्ये थांबली. विष्णुशास्त्री मार्च १८८२ मध्ये वारले. बंद पडलेल्या मासिकात दिवंगत माणसाने लिहिलेले परीक्षण वाचून मला हसू आले, हे कबूल करतो.

दुसरीने ते हसू घालवले. ‘विस्तार’ १८६७ साली निघाला आणि १९३७ पर्यंत चालला. १८८४ हे साल त्यात व्यवस्थित बसते. पुस्तक १८८२ चे. दोन वर्षांनी परीक्षण येण्यात नवल काही नाही. अशी नोंद स्मरणशक्तीच्या जोरावर खोडता येत नाही. मी ग्रंथालयात गेलो, बांधीव खंड काढवला, कडा झडणारी पाने जपून उलटली. अर्धा दिवस गेला. त्या शीर्षकाचा लेख तिथे नव्हता.

मौखिक परीक्षेत विचारले, “हे परीक्षण तुम्ही कुठे पाहिलंत?” मुलगी प्रामाणिक होती. म्हणाली, “सर, पाहिलं नाही. चॅटजीपीटीला विचारलं होतं की या पुस्तकावर त्या काळात कोणी कोणी लिहिलं. त्याने ही दोन नावं दिली. ऋणनिर्देशात मी त्याचा उल्लेख केलाय.” खरेच केला होता. आईवडील, मार्गदर्शक, ग्रंथपाल आणि टंकलेखन करून देणारे दादा यांच्या पाठोपाठ.

तिचा प्रश्न अचूक होता, म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते. ताराबाईंचे पुस्तक पुण्यात छापले गेले. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेची चर्चा वृत्तपत्रांतून चालली होती. त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर जे आरोप होत होते, त्यांना बुलढाण्याच्या या बाईने सणसणीत उत्तर दिले. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात तिची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा मधे ९३ वर्षे लोटली होती.

आता त्या दोन तळटिपांनी काय केले ते पाहा. ज्या लेखिकेची मराठी वाङ्मयव्यवहाराने इतकी वर्षे दखल घेतली नाही, तिला त्या काळातल्या दोन मातब्बर नियतकालिकांची दखल त्यांनी बहाल केली. चिपळूणकर रागावले, ‘विस्तार’ने परीक्षण छापले, म्हणजे वाद झाला, चर्चा झाली, पुस्तक पोचले. वस्तुस्थितीत तिथे बहुतांशी शांतता आहे आणि ताराबाईंच्या अभ्यासकाला सापडणारी सर्वांत बोलकी गोष्ट तीच आहे. यंत्राला शांतता ठेवता येत नाही. प्रश्न विचारला की उत्तर शोभेल असे शब्द ते एकापुढे एक मांडते. एकोणिसाव्या शतकातली मराठी नियतकालिके अजून कपाटांत आहेत किंवा फार तर छायाचित्रांच्या रूपात संगणकावर आहेत. त्यांतली अक्षरे त्याच्यापर्यंत फारशी पोचलेलीच नाहीत. ‘निबंधमाला’, ‘विस्तार’, चिपळूणकर, १८८० चे दशक एवढी नावे त्याला ठाऊक. त्यांची मोट बांधली की तळटीप तयार. ज्या भाषेची साधने संगणकावर कमी, तिच्यात असल्या तळटिपा जास्त, हे उघड आहे.

आपल्या नियमांच्या जाळ्यात हे सापडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्यविषयक विनियम २०१८ चे आहेत. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. त्यापुढे चाळीस, साठ अशा पायऱ्या, आणि साठाच्या वर गेले तर नोंदणी रद्द होण्यापर्यंत मजल. हे सगळे गणित ‘दुसऱ्याचे शब्द किती’ या प्रश्नावर उभे आहे. न लिहिल्या गेलेल्या परीक्षणाशी साम्य कोणाचे निघणार? ती दोन वाक्ये अहवालात शंभर टक्के मौलिक ठरतात. या प्रकल्पाला साम्य-अहवालाचे प्रमाणपत्र जोडलेले होते आणि टक्केवारी हेवा वाटावा अशी होती. (जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात टंकलेला मराठी मजकूर या प्रणालींना धड वाचताही येत नाही, ही गोष्ट विभागाविभागांतून हळू आवाजात सांगितली जाते. तो वेगळा लेख होईल.) यंत्राने लिहिलेले ओळखणाऱ्या यंत्रांवरही भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये काढलेले असे साधन अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतले.

मग नोंद करावी कशी? परदेशी संदर्भपद्धतींनी उत्तरे दिली आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. एमएलएने मार्च २०२३ मध्ये सांगितले की साधनाला लेखक मानू नका; तुम्ही विचारलेला प्रश्न शीर्षकाच्या जागी घाला. एपीएने पुढच्याच महिन्यात साधन बनवणाऱ्या कंपनीला लेखकाच्या जागी बसवले. आमच्याकडे कार्यशाळांतून आता या दोन नमुन्यांतले स्वल्पविराम शिकवले जातात. मला यातले काहीच पुरेसे वाटत नाही. तळटीप ही वाचकासाठी ठेवलेली वाट असते. मी जिथे पोचलो तिथे तुम्हीही जा आणि माझे चुकले असेल तर मला धरा, असे ती सांगते. संभाषणात तेच उत्तर पुन्हा मिळेलच असे नाही. तोच प्रश्न मी घरी येऊन विचारला, तेव्हा मला तिसरेच मासिक मिळाले. म्हणून ताराबाईंबद्दलच्या विधानाखाली चॅटजीपीटीचे नाव बिनचूक पद्धतीने दिले असते तरी ते विधान निराधारच राहिले असते. एमएलएचीच सूचना आहे की साधनाने सांगितलेले संदर्भ स्वतः तपासून घ्या. कार्यशाळांत नेमके तेवढे सांगायचे राहते.

बंदी घाला म्हणणारे सहकारी मला भेटतात. बंदीने एवढेच होईल की ऋणनिर्देशातली ती एक ओळही जाईल. या मुलीने निदान ती लिहिली, म्हणून मला पत्ता लागला.

इथे मला स्वतःबद्दल थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल. माझ्या प्रबंधात ‘ज्ञानप्रकाश’च्या काही अंकांचे दाखले आहेत. त्यांतले निम्मे अंक मी पाहिलेले नाहीत. एका ज्येष्ठ अभ्यासकाच्या पुस्तकातून ते उचलले आणि त्यांचे नाव न घालता थेट अंकाची तारीख दिली, कारण तसे जास्त भारदस्त दिसते. आमच्या पिढीत हे सर्रास चाले आणि परीक्षकही विचारत नसत. मग त्या मुलीला बोलण्याचा मला अधिकार काय? फरक एवढाच सांगता येतो की माझ्या उसन्या तळटिपेच्या टोकाला कोणीतरी एकदा तो अंक हातात धरलेला माणूस होता. माझी लबाडी त्या माणसाचे श्रम लपवत होती. या नव्या तळटिपेच्या टोकाला कोणीच नाही.

टोकाला माणूस असूनही भागत नाही, हे मराठीला राजवाड्यांनी दाखवले आहे. इतिहासाचार्यांनी १९०९ साली एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. ती एकनाथपूर्व असल्याचे त्यांचे म्हणणे होते. मूळ पोथी पुढच्या अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही. साधनांच्या एकेका कागदासाठी गावोगाव पायपीट केलेला हा माणूस, त्याच्या शब्दाला वजन केवढे! तरीही त्या पाठाबद्दल बोलताना अभ्यासकाला ‘राजवाडे प्रत’ असे म्हणून थांबावे लागते. राजवाड्यांना जी सवलत मिळत नाही, ती आपण यंत्राला देऊ लागलो आहोत.

न्यूयॉर्कच्या एका खटल्यात २०२३ साली वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. तिथे प्रतिपक्षाचे वकील ते निवाडे शोधायला बसले, म्हणून ते उघडकीला आले. मराठी संशोधनाला प्रतिपक्ष नाही. मार्गदर्शकाकडे वेळ नाही, परीक्षकाला मानधनाइतकाच उत्साह, आणि प्रकल्प एकदा कपाटात गेला की पुढचा विद्यार्थी त्यातूनच संदर्भ उचलणार. पाच वर्षांनी चिपळूणकरांचे ते परीक्षण तीन प्रबंधांत असेल, आणि तेव्हा त्याला मराठीच आधार मिळालेले असतील.

मी गुण रोखून ठेवले आणि प्रकरण पुन्हा लिहायला सांगितले. साधन वापरले असेल तर ते ऋणनिर्देशातून काढून अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात आणा. कोणत्या तारखेला काय विचारले, काय मिळाले, त्यातले काय तपासले आणि काय टिकले नाही ते लिहा, एवढीच अट घातली. विभागप्रमुखांना हे जरा जास्त वाटले. निकाल लावायचा होता.

दीड महिन्याने नवे प्रकरण आले. आधीचे अकरा पानांचे होते, हे चार पानांचे. ‘सत्सार’चा उतारा समग्र वाङ्मयातून, पृष्ठांकासह. पुढे तिने पाहिलेल्या नियतकालिकांची वर्षवार यादी दिली होती. कोणत्या ग्रंथालयात पाहिले, कोणते अंक फाटलेले होते, कोणते मिळालेच नाहीत, सगळे. यंत्राने दिलेली दोन नावे आणि ती का टाकली हेही एका परिच्छेदात होते. शेवटी एक वाक्य होते: वरील अंकांत या पुस्तकाविषयी मला काहीही आढळले नाही. त्याखाली तळटीप नव्हती. यादीतले ‘विस्तार’चे दोन खंड बांधणीला गेले आहेत, ते दिवाळीनंतर परत येतील, असे तिने पेन्सिलीने बाजूला लिहिले होते.