प्राथमिक स्तरावरील इंग्रजी प्रिपोझिशन्सचे अध्यापन : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्र शासनाने सन २००० मध्ये इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय शिकविण्याचा निर्णय घेतला. तत्पूर्वी मराठी माध्यमाच्या शाळांमधून इंग्रजीचे अध्यापन इयत्ता पाचवीपासून होत असे. तत्कालीन शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या कारकिर्दीतील या निर्णयामागे सामाजिक न्यायाची भूमिका होती. इंग्रजी माध्यमाची शाळा ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे अशा ग्रामीण व बहुजन समाजातील मुलांनाही ही भाषा लहान वयातच उपलब्ध व्हावी, हा त्याचा आशय होता. निर्णयाच्या बाजूने व विरोधात पुष्कळ लिहिले गेले. मात्र चर्चेचा भर 'इंग्रजी केव्हापासून' या प्रश्नावर राहिला. इंग्रजीतील कोणता घटक सहा-सात वर्षांच्या मराठी भाषक मुलाला कसा शिकवावा, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला.

प्रिपोझिशन्स हा असाच एक घटक होय. 'इन', 'ऑन', 'अंडर', 'निअर', 'बिहाइंड' हे शब्द आकाराने लहान, वापराने वारंवार येणारे आणि चित्राने सहज दाखविता येणारे असल्यामुळे ते सोपे मानले जातात. टेबलावर मांजर, टेबलाखाली चेंडू, पेटीत पुस्तक अशी चित्रे, त्यांखाली रिकाम्या जागा आणि शेजारी मराठी अर्थ, असे या पाठाचे रूढ स्वरूप असते. असे असूनही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या लेखनात 'मॅरीड विथ', 'डिस्कस अबाउट', 'गुड इन इंग्लिश' असे प्रयोग सातत्याने आढळतात. या सर्व चुकांचे मूळ पहिलीच्या वर्गात शोधणे अतिशयोक्त ठरेल. तथापि एका इंग्रजी शब्दासाठी एक मराठी प्रत्यय कायमचा ठरवून टाकण्याची सवय तेथेच लागते, हे नाकारता येत नाही. प्रस्तुत लेखात या रूढ अध्यापन पद्धतीची चिकित्सा करण्यात आली आहे.

उद्दिष्टे :

१) मराठी व इंग्रजीतील स्थलदर्शक रचनांमधील भेद स्पष्ट करणे.
२) शब्दार्थ, चित्र व रिकाम्या जागा यांवर आधारलेल्या अध्यापनाच्या मर्यादा तपासणे.
३) मातृभाषेचा आधार घेणारी पर्यायी दिशा सुचविणे.

१. दोन भाषांच्या रचनेतील भेद :

मराठीत स्थानाचा बोध विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये यांच्याद्वारे होतो. हे घटक नामाच्या नंतर येतात, नामाला जोडून येतात आणि त्यांच्यामुळे नामाचे सामान्यरूप होते. 'घोडा' या नामाचे 'घोड्यावर', 'झाड' या नामाचे 'झाडाखाली' असे रूप होते. इंग्रजीत याच्या उलट स्थिती आहे. स्थलदर्शक शब्द नामाच्या आधी येतो, स्वतंत्र राहतो आणि नामाचे रूप बदलत नाही. शिवाय मराठीत नसलेले उपपद मध्ये येते. 'टेबलावर' या एका शब्दाच्या जागी 'ऑन द टेबल' असे तीन शब्द मुलाला जुळवावे लागतात.

बालभाषेचे अभ्यासक डॅन स्लोबिन यांनी १९७३ मध्ये असे प्रतिपादन केले की, भाषा आत्मसात करताना मूल शब्दांच्या अंत्य भागाकडे विशेष लक्ष देते. त्यामुळे नामानंतर येणारे स्थलदर्शक घटक नामापूर्वी येणाऱ्या घटकांपेक्षा लवकर आत्मसात होतात. मराठी भाषक मुलाच्या संदर्भात हा विचार महत्त्वाचा आहे. वस्तू कोठे आहे हे कळण्यासाठी नामाच्या शेवटाकडे लक्ष देण्याची सवय त्याच्या कानाला घरातूनच लागलेली असते. इंग्रजी वाक्यात मात्र हीच माहिती नामाच्या आधी, आघात नसलेल्या एका छोट्या शब्दात येते. त्यातही 'इन' आणि 'ऑन' यांत केवळ एका स्वराचा फरक आहे. भरलेल्या वर्गात शेवटच्या रांगेतील मुलाला तो फरक ऐकू येतोच असे नाही. म्हणजेच या घटकाची पहिली अडचण अर्थाची नसून श्रवणाची व शब्दक्रमाची आहे. रूढ पाठ मात्र थेट अर्थापासून सुरू होतो.

२. 'वर' म्हणजे 'ऑन' : शब्दार्थाची मर्यादा :

फळ्यावर 'ऑन म्हणजे वर, इन म्हणजे आत' अशी यादी लिहून देणे ही सर्वाधिक प्रचलित पद्धत होय. वेळ वाचविणारी म्हणून ती लोकप्रिय आहे. परंतु मराठीतील 'वर' या एका शब्दयोगी अव्ययाचा व्याप पाहिला असता या यादीचा अपुरेपणा लक्षात येतो. 'पुस्तक टेबलावर आहे' येथे 'ऑन' योग्य ठरते. 'नदीवर पूल आहे' येथे 'ओव्हर' लागते. 'बाबा स्टेशनवर आहेत' येथे 'ॲट' येते आणि 'आजोबा शेतावर गेले' येथे 'टू' येते. 'झाडावर पोपट आहे' या वाक्यात पोपट फांद्यापानांच्या आत असल्याने इंग्रजीत सामान्यतः 'इन द ट्री' असे म्हटले जाते. उलटपक्षी झाडाला लागलेल्या आंब्यांसाठी मराठीत 'झाडाला' असा प्रयोग होतो आणि इंग्रजीत मात्र 'ऑन' येते. यादी पाठ केलेल्या मुलाने पोपटासाठी 'ऑन' आणि आंब्यांसाठी 'टू' लिहिले, तर त्याने यादीचेच पालन केलेले असते.

'त' या प्रत्ययाबाबतही असेच म्हणता येईल. मराठीत अंगठी 'बोटात', चप्पल 'पायात' आणि सदरा 'अंगात' असतो. इंग्रजी या तिन्ही ठिकाणी 'ऑन' वापरते. हा भेद केवळ शब्दांचा नाही, तर अवकाशाच्या वर्गीकरणाचा आहे. सूनजा चोई आणि मेलिसा बोवरमन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी व कोरियन मुलांच्या तौलनिक अभ्यासातून हे तत्त्व ठळकपणे पुढे आले. इंग्रजी भाषा वस्तू आत आहे की पृष्ठभागावर आहे असा भेद करते. कोरियन भाषा मात्र वस्तू घट्ट बसते की सैल राहते, या निकषाला महत्त्व देते. त्यामुळे बोटात अंगठी चढविणे व डबीत कॅसेट घट्ट बसविणे या दोन कृतींसाठी कोरियनमध्ये एकच क्रियापद चालते. अगदी लहान वयातच मुले आपापल्या भाषेच्या वर्गीकरणानुसार बोलू लागतात, असे या अभ्यासात दिसून आले. मराठीतही 'अंगठी बोटात घाल' आणि 'पुस्तक पिशवीत घाल' या दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच व प्रत्ययही एकच असतो, हे येथे लक्षणीय आहे.

'जवळ' हे आणखी एक उदाहरण होय. 'शाळेजवळ विहीर आहे' येथे 'निअर' लागू पडते. 'माझ्याजवळ पेन आहे' येथे मात्र स्वामित्वाचा अर्थ असून इंग्रजीत प्रिपोझिशनची गरजच नसते. 'पेन इज निअर मी' असे म्हणणाऱ्या मुलाने मराठी वाक्याचे शब्दार्थाच्या यादीनुसार निर्दोष भाषांतर केलेले असते. चूक त्याच्या आकलनाची नसून हाती दिलेल्या यादीची असते.

भाषांतराचा मार्गच त्याज्य आहे असा याचा अर्थ नव्हे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी भाषकांच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजीची ओळख करून दिली. परंतु तिच्यात भाषांतराचा घटक पूर्ण वाक्य हा होता आणि तिचा अभ्यासक वाचता-लिहिता येणारा होता. प्राथमिक वर्गात त्या परंपरेतील वाक्य गळून पडले आणि सुट्या शब्दांची यादी तेवढी शिल्लक राहिली.

३. चित्र, कृती आणि रिकाम्या जागा :

मूल्यमापनाच्या अंगाने या विषयाची अधिक गंभीर चिकित्सा आवश्यक आहे. चित्र पाहून रिकामी जागा भरणे या स्वाध्यायाचे काही फायदे निश्चित आहेत. एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला तो देणे व तपासणे सोयीचे असते. प्रश्न असा आहे की, या स्वाध्यायातून नेमके काय मोजले जाते?

ईव्ह क्लार्क यांचे १९७३ मधील संशोधन या संदर्भात उद्बोधक आहे. लहान मुलांना 'इन', 'ऑन', 'अंडर' हे शब्द वापरून वस्तू ठेवण्याच्या सूचना दिल्या असता, सर्वांत लहान वयाची मुले शब्दाकडे लक्ष देण्याऐवजी वस्तूच्या स्वरूपाकडे पाहून कृती करतात, असे त्यांना आढळले. समोर पोकळ भांडे असेल तर मूल वस्तू आत टाकते. सपाट पृष्ठभाग असेल तर वर ठेवते. परिणामी काही सूचना मुलाला कळल्यासारख्या वाटतात, वस्तुतः मुलाने शब्द ऐकलेलाच नसतो.

ही मुले पहिलीच्या विद्यार्थ्यांहून लहान होती आणि प्रयोग त्यांच्या मातृभाषेतील होता. परंतु अपरिचित भाषेसमोर सहा वर्षांचे मूलही असाच आधार शोधेल, हे मानण्यास जागा आहे. 'पुट द चॉक इन द बॉक्स' ही सूचना 'चॉक' आणि 'बॉक्स' एवढे दोनच शब्द ओळखून पूर्ण करता येते. 'द बुक इज डॅश द टेबल' ही रिकामी जागा व्यवहारज्ञानाच्या बळावर भरता येते, कारण पुस्तके टेबलावरच असतात. जेम्स अ‍ॅशर यांनी पुरस्कारिलेली संपूर्ण शारीरिक प्रतिसाद पद्धती, म्हणजे आज्ञा ऐकून कृती करण्याची पद्धती, या वयासाठी उपयुक्त आहे. तथापि आज्ञांची निवड विचारपूर्वक झाली नाही, तर तीही याच दोषाला बळी पडते. अशा स्थितीत बरोबर उत्तर हा प्रिपोझिशन कळल्याचा पुरावा ठरत नाही. तसेच मागील विभागात पाहिल्याप्रमाणे चूक उत्तर हे अज्ञानाचे लक्षण ठरत नाही. जे मूल्यमापन या दोन्ही बाबतीत शिक्षकाची दिशाभूल करते, त्याच्या आधारे मुलाला 'इंग्रजीत कच्चा' ठरविणे अन्यायाचे आहे.

यावरील उपाय खर्चिक नाही. झाकण असलेला एक पुठ्ठ्याचा खोका, खडू आणि डस्टर एवढे साहित्य पुरेसे आहे. खडू खोक्यात, खोक्यावर, खोक्याखाली आणि खोक्यामागे अशा चारही ठिकाणी सारख्याच सहजतेने ठेवता येतो. त्यामुळे सूचनेतील प्रिपोझिशन ऐकल्याशिवाय कृती बरोबर होऊ शकत नाही. पुढे हीच सूचना मुलांनी एकमेकांना द्यावी, म्हणजे श्रवणाकडून उच्चारणाकडे जाता येईल. केवळ आज्ञापालनावर पाठ संपविल्यास मुलाच्या तोंडून तो शब्दसमूह येतच नाही.

४. अध्यापनाचा क्रम :

अनेकदा एकाच पाठात आठ-दहा प्रिपोझिशन्स एकत्र दिली जातात. ज्युडिथ जॉन्स्टन व डॅन स्लोबिन यांनी १९७९ मध्ये इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन व तुर्की या चार भाषांतील मुलांचा अभ्यास केला. आत, वर, खाली व शेजारी या संकल्पना आधी, दोहोंच्या मध्ये ही संकल्पना त्यानंतर आणि पुढे-मागे या संकल्पना उशिरा व्यक्त होतात, असा साधारण क्रम त्यांना आढळला. हा क्रम मातृभाषेचा असला तरी अध्यापनाची मांडणी करताना मार्गदर्शक ठरू शकतो. पहिलीतील मुलाला या संकल्पना अवगत असतातच, त्यामुळे त्याला अवकाश शिकवायचा नसून केवळ इंग्रजीची मांडणी शिकवायची असते. ज्यांचा मराठीशी मेळ सरळ आहे अशा 'अंडर'सारख्या शब्दांपासून आरंभ करून अधिक गुंतागुंतीच्या 'ॲट'कडे जाणे श्रेयस्कर होय. 'सोमवारी', 'पाच वाजता', 'जूनमध्ये' यांसाठी येणारी 'ऑन', 'ॲट', 'इन' ही कालदर्शक योजना स्थलदर्शक वापर दृढ झाल्यानंतरच घ्यावी.

५. मातृभाषेचे स्थान :

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने वर्गातील बहुभाषिकतेकडे साधनसंपत्ती म्हणून पाहिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही प्राथमिक स्तरावर घरच्या भाषेचे महत्त्व अधोरेखित केले. तरीही इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणे म्हणजे पद्धतीचा भंग, असा समज काही ठिकाणी आढळतो. त्याच वेळी फळ्यावर मात्र मराठी अर्थांची यादी असते. म्हणजे मराठी वर्गात असते, परंतु तिचा उपयोग भेद दाखविण्यासाठी न होता भेद झाकण्यासाठी होतो.

लहान मुलांना व्याकरणाची तुलना झेपणार नाही, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु तुलनेसाठी परिभाषेची आवश्यकता नाही. 'टेबलावर' म्हणताना 'वर'पाशी टाळी वाजवावी आणि 'ऑन द टेबल' म्हणताना 'ऑन'पाशी टाळी वाजवावी. मराठीत टाळी शेवटी येते व इंग्रजीत आधी येते, हे मुलाच्या आपोआप लक्षात येईल. त्याचप्रमाणे 'आपण बोटात अंगठी म्हणतो, इंग्रजीत बोटावर म्हणतात' एवढे एक वाक्य पुरेसे आहे. त्यामुळे मराठी प्रयोग चुकीचा न ठरता दोन भाषा एकच गोष्ट दोन प्रकारे पाहतात, ही जाणीव रुजते.

निष्कर्ष :

१) इंग्रजी प्रिपोझिशन्सची मराठी भाषक मुलाला येणारी अडचण प्रामुख्याने श्रवण, शब्दक्रम व अवकाशाच्या वर्गीकरणाची आहे. एकास एक मराठी अर्थ देण्याने ती दूर होत नाही.
२) व्यवहारज्ञानाच्या आधारे सोडविता येणारे चित्रस्वाध्याय प्रिपोझिशनचे आकलन मोजू शकत नाहीत. सर्व पर्याय समान शक्यतेचे असतील अशा कृती योजणे आवश्यक आहे.
३) सुट्या शब्दाऐवजी 'ऑन द टेबल' असा पूर्ण शब्दसमूह हा अध्यापनाचा घटक असावा व एका वेळी मोजकीच प्रिपोझिशन्स घ्यावीत.
४) चुकांची नोंद करताना त्यांमागील मराठी प्रयोग शोधावा. अध्यापक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात मराठी-इंग्रजी तौलनिक व्याकरणाच्या प्रात्यक्षिकाला स्थान मिळावे.

इयत्ता पहिलीपासून इंग्रजी सुरू करण्यामागे संधीच्या समानतेचे आश्वासन होते. ज्या मुलाला घरी इंग्रजी ऐकायला मिळत नाही, त्याच्याजवळ इंग्रजीकडे जाण्यासाठी मराठी हेच साधन असते. त्या साधनाचा डोळस उपयोग न करता त्याच्या उत्तरांवर फुल्या मारल्या गेल्यास, ते आश्वासन वर्गखोलीतच अपुरे राहील.