‘एकच प्याला’ : मद्यासक्ती व यकृत प्रत्यारोपणाच्या संदर्भात पुनर्विचार

प्रस्तावना

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. मराठी समीक्षेने त्याची चर्चा प्रामुख्याने शोकात्मिका म्हणून आणि सिंधूच्या पातिव्रत्याच्या अंगाने केली आहे. प्रस्तुत लेखात या नाटकाचा विचार आजच्या एका वैद्यकीय प्रश्नाच्या संदर्भात करावयाचा आहे. मद्यपानाने यकृत निकामी झालेल्या रुग्णास नवे यकृत द्यावे काय, आणि दिल्यास त्याच्या व्यसनाचे काय करावे, हा तो प्रश्न होय.

नायकाचा सिद्धान्त आणि नाटकातील घटना

सुधाकर रामलालला मद्यपीच्या अवस्था समजावून सांगतो. पहिल्या प्याल्यापूर्वीच माणूस वाचू शकतो, त्यानंतर सुटका नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. नाटकाचे तात्पर्य म्हणून वर्गात आपण बहुधा हेच सांगत आलो आहोत. परंतु नाटकातील घटना या विधानास पूर्ण दुजोरा देत नाहीत. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. काम मागण्यासाठी तो प्रतिष्ठितांच्या दारी जातो. तेथे त्याचा दुर्लौकिक आड येतो, अवहेलना होते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्याच्या व्यसनाचा आरंभ न्यायालयातील अपमानातून झाला होता. पुनरावृत्तीही अपमानातूनच होते. येथे गडकऱ्यांचे निरीक्षण त्यांच्या नायकाच्या सिद्धान्ताहून अधिक सूक्ष्म ठरते.

रामलाल स्वतः वैद्यकाचा अभ्यासक. पण मित्रासाठी त्याच्याजवळ उपदेशाखेरीज काही नाही. तळीरामाच्या आजारपणात डॉक्टर व वैद्य यांचा वाद विनोदासाठी येतो. मूळ व्यसनास कोणीच हात लावत नाही. त्या काळी तसा उपचार उपलब्ध नव्हता, हे मान्य करावे लागेल. आज मात्र ती सबब उरलेली नाही.

परीक्षा की उपचार?

प्रत्यारोपणापूर्वी रुग्णाने सहा महिने मद्य वर्ज्य केलेले असावे, हा दंडक पाश्चात्त्य देशांत १९९० च्या दशकात रूढ झाला आणि आपल्याकडेही पोहोचला. या अवधीत काहींचे यकृत आपोआप सुधारते, हा त्यामागील एक सयुक्तिक विचार होता. तथापि तीव्र मद्यजन्य यकृतदाहाचे अनेक रुग्ण सहा महिने जगतच नाहीत. फ्रान्स व बेल्जियम येथील एका अभ्यासात (२०११) अशा २६ निवडक रुग्णांवर ही मुदत न पाळता प्रत्यारोपण करण्यात आले. सहा महिन्यांनंतर त्यांपैकी ७७ टक्के हयात होते. प्रत्यारोपण न झालेल्या तशाच रुग्णांत हे प्रमाण २३ टक्के होते. पुढे तिघांनी पुन्हा मद्य घेतले. निवडीच्या निकषांत कुटुंबाचा भक्कम आधार हा एक होता.

यावरून दिसते ते असे की, सहा महिने मोजणे ही परीक्षा आहे, उपचार नव्हे. यकृत बदलल्याने ओढ बदलत नाही. औषधांचाही प्रश्न आहे. मद्य सोडविण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम यकृतासच अपाय करू शकते. सिरोसिसच्या रुग्णांत बॅक्लोफेन या औषधाचा अभ्यास झालेला आहे. म्हणून शल्यचिकित्सकाच्या जोडीला मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक प्रथमपासून असणे अगत्याचे ठरते.

अनिल अवचट यांचे ‘मुक्तांगणची गोष्ट’ हे पुस्तक ‘एकच प्याला’शेजारी ठेवून वाचावे, ते याच कारणाने. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने व्यसनास आजार मानले, घसरलेल्यास पुन्हा आत घेतले आणि कुटुंबीयांनाही उपचारात सामील केले. सुधाकराला नेमके हेच लाभले नाही.

सिंधूचे दान

भारतात बहुतांश यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्यांच्या, म्हणजे प्रायः आप्तांच्या दानावर होतात. १९९४ च्या कायद्याने पत्नी ही निकटची नातलग ठरते आणि दात्याची संमती स्वेच्छेची असावी लागते. पतीच्या हातून मरणप्राय जखमी झालेली सिंधू पोलिसांपुढे त्याला दोषमुक्त करते. अशा सिंधूने आज संमतिपत्रावर सही केली, तर तिला स्वेच्छा म्हणता येईल काय? तिच्या त्यागाचा गौरव करणारी आपली समीक्षा या प्रश्नापाशी अपुरी पडते. पतीच्या व्यसनावर उपचार न करता पत्नीचे यकृत घेणे म्हणजे सिंधूची शोकांतिका शस्त्रक्रियागृहात पुन्हा घडविणे होय.

निष्कर्ष

नांदेड-लातूरकडील रुग्ण प्रत्यारोपणासाठी हैदराबाद, पुणे वा मुंबईची वाट धरतो. शस्त्रक्रिया तेथे होते. पुढील आयुष्य मात्र याच गावांत, त्याच सोबत्यांत काढावयाचे असते. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचे विलासराव देशमुख यांच्या नावाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये या पाठपुराव्याची स्वाभाविक केंद्रे होत. रुग्णास बाहेर पाठवितानाच तेथील मनोविकार विभागाशी त्याची गाठ घालून दिली जावी आणि दात्या पत्नीशी स्वतंत्रपणे बोलले जावे. साहित्याच्या अध्यापकांनीही ‘एकच प्याला’ शिकविताना सुधाकराच्या सिद्धान्तापाशी थांबू नये. त्याने दारू सोडली होती आणि त्याला काम मिळाले नाही, हा भागही तितक्याच आग्रहाने शिकवावा.