पुरांत सांपडलेले कागद आणि यहुदी धर्मशास्त्र

ता. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें धरण फुटलें, दुपारीं खडकवासल्याची भिंत भेदली गेली, आणि मुठेचा लोंढा पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत शिरला. त्या दिवशींची मनुष्यहानि व वित्तहानि सर्वश्रुत आहे. घरोघरचीं दप्तरेंहि त्याच पाण्यांत गेलीं. अशा पुरानंतर चिखलांतून, कांठावरून किंवा पुढें रद्दीच्या दुकानांतून जो कागद हातीं लागतो तो संग्राहकानें आपला म्हणावा काय, या प्रश्नास आम्ही बहुधा बगल देतों. ज्या ग्रंथांत त्याचा कसून खल झाला आहे, त्याचें परीक्षण येथें योजिलें आहे.

हा ग्रंथ म्हणजे बाबिलोनी तालमुदांतील ‘बाबा मेत्सिया’, म्हणजे ‘मधलें द्वार’. कोंकणांतील बेने इस्राएल समाजाचा तालमुदाशीं परिचय उशीरां झाला. शनिवारचा विसावा, सुंता व खाण्यापिण्याचे निर्बंध एवढ्यावरच त्यांनीं आपला धर्म पिढ्यान् पिढ्या राखिला. तथापि १८७४ त पुण्यांत वल्हांडणाची हग्गादा हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत छापून निघाली, आणि रास्ता पेठेंतील सुक्कथ शेलोमो हें प्रार्थनामंदिर १९२१ पासून आहे. तेव्हां हें शास्त्र पुणेकरांस अगदींच परकें म्हणतां येणार नाहीं.

दुसऱ्या अध्यायाचा मूळ सिद्धान्त असा : ज्या वस्तूवर ओळखण्याजोगी खूण आहे ती सांपडणारानें पुकारून धन्यास द्यावी, विखुरलेलीं नाणीं, सांडलेलें धान्य यांस खूण नसल्यानें तीं सांपडणाराचीं. कारण खुणेविना परत मिळण्याची आशा धनी सोडतो. आमच्या धर्मशास्त्रांतहि याचा जोड आहे. मनूनें (अध्याय ८) बेवारस धन राजानें तीन वर्षें सांभाळावें व मागणारानें रूप, संख्या इत्यादि खुणा सांगाव्या, असें ठरविलें. परंतु मनूचा निर्णय राजापाशीं थांबतो. तालमुदकारांनीं तो वाटेनें जाणाऱ्या सामान्य मनुष्याच्या पदरांत टाकला, ही त्यांची विशेष कामगिरी होय.

आतां पुराची गोष्ट. नदीच्या लोंढ्यानें जें वाहून नेलें तें खूण असली तरी सांपडणाराचें. कारण तें एका धन्यास नव्हे, सर्वांसच गमावलें होतें. धनी कांठावर उभा राहून ओरडत असला तरी तें ओरडणें पडलेल्या घराबद्दलच्या आक्रोशासारखें समजावें. संग्राहकांस हा नियम फार सोयीचा वाटेल, व म्हणूनच त्याची तपासणी अवश्य आहे.

प्रथम, त्याची मर्यादा. वस्तु वाचविणें धन्यास शक्य असेल व तो तिच्या पाठीस लागला असेल, तर पुराचें कारण लागू पडत नाहीं. पाणी ओसरल्यावर घराच्याच भिंतीआड चिखलांत रुतलेली पेटी ‘सर्वांस गमावलेली’ म्हणतां येत नाहीं. ती धन्याच्याच आवारांत आहे. दुसरें, या नियमाचा पाया आशात्यागावर आहे. नाणें गेलें तर धनी दुसरें मिळवितो. आजोबांचें पत्र गेलें तर त्याच्या जागीं दुसरें येत नाहीं. आशा सोडणें हा भाव बाजारी मालास साजतो, घराण्याच्या दप्तरास नाहीं. येथें तालमुदाची कसोटी अपुरी पडते असें आमचें मत आहे. तिसरें, पुढील शास्त्रकारांसहि ही उणीव जाणवली. योसेफ कारो यांच्या ‘शुल्हान आरूख’ (पहिली छापील आवृत्ति, व्हेनिस, १५६५) या संहितेंत हाच कायदा आहे. पण कायद्यानें हक्क असतांहि वस्तु परत करणें हेंच चांगलें व सरळ, असा निर्वाळाहि त्यास जोडलेला आढळतो. जो केवळ नियम दाखवून कागद दाबून ठेवतो, त्यानें अर्धेंच शास्त्र वाचलें आहे.

याच अध्यायांतील दुसरें एक कलम आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. सांपडलेलें पुस्तक सांपडणारानें तीस दिवसांतून एकदां वाचावें, वाचतां येत नसेल तर निदान उलगडून पुन्हां गुंडाळावें. परंतु त्यांतून नवा अभ्यास करूं नये, व दुसऱ्यास सोबत घेऊन वाचूं नये. म्हणजे हवा लागावी, कसर लागूं नये, पण वस्तु झिजूंहि नये. ज्यांच्या कपाटांत रुमाल वर्षानुवर्षें सुटलेले नाहींत, त्यांनीं हें कलम भिंतीवर लावावें.

राहिला मर्यादेचा प्रश्न. ‘बाबा बात्रा’ या पुढील ग्रंथांत सामाईक चौकांत शेजाऱ्याच्या दारासमोर दार किंवा खिडकीसमोर खिडकी काढण्यास मनाई आहे. दुसऱ्याच्या घरांत पाहणें हीहि एक हानि मानिली आहे. वाड्यांत राहिलेल्यास हें वेगळें सांगणें नको. परक्याचें पत्र त्याच्या संमतीवांचून वाचूं नये, असा निर्बंध परंपरेनें मायन्झचे रब्बेनु गेर्शोम (अकरावें शतक) यांच्या नांवावर सांगतात. हा निर्बंध शब्दशः पाळला तर इतिहाससंशोधन बंदच पडेल, असा आक्षेप येईल. त्यास आमचें उत्तर असें कीं, त्याचा हेतु हयात माणसाची अब्रू राखण्याचा आहे. दोनशें वर्षांपूर्वींचा हिशेब किंवा सनद छापण्यानें कोणाचें दार उघडें पडत नाहीं. परंतु ज्या पत्रांतील कुटुंबाचे वंशज अद्याप त्याच गल्लींत नांदत आहेत, त्यांतील घरगुती मजकूर त्यांस न विचारतां प्रसिद्ध करणें म्हणजे खिडकीसमोर खिडकी काढणेंच होय.

सारांश, पुराचा नियम संग्राहकाची ढाल म्हणून घेऊं नये. पुस्तकाचा व खिडकीचा नियम मात्र आमच्या शिस्तीचा भाग व्हावा. कोणाचा व कसला हें कळत नाहीं अशा दस्तऐवजाबद्दल मिश्नेचा निकाल असा कीं, एलिया प्रेषित येऊन उलगडा करीपर्यंत तो तसाच ठेवावा. तोंवर तो वाळवावा, नोंदवावा, कोठें सांपडला तें लिहून ठेवावें, आणि धन्याची वाट पाहावी.