कवीची लेक

कवीने संसार करावा की करू नये, हा वाद आपल्याकडे मधूनमधून निघतो आणि बहुधा तुकोबांच्या जिजाईला साक्षीस बोलावून निकालात निघतो. बिचाऱ्या जिजाईची साक्ष मात्र कोणी नीटशी नोंदवून घेत नाही. इंग्रजीत हाच वाद सिरिल कॉनोली या टीकाकाराने १९३८ साली 'एनिमीज ऑफ प्रॉमिस' या ग्रंथात नव्याने उभा केला. होतकरू लेखकाच्या शत्रूंची त्याने जी यादी दिली, तीत घराच्या दाराशी उभ्या असलेल्या बाळाच्या गाडीलाही जागा मिळाली. हे मत मी कॉलेजात पुष्कळ वर्षे मोठ्या चवीने सांगत आलो. विद्यार्थ्यांना ते आवडते. शिकविणाऱ्यालाही आवडते, कारण ज्याच्या हातून पुस्तक झाले नाही त्यास त्यात आयती सबब सापडते.

या मताची शंका मला प्रथम आली ती आमच्या वऱ्हाडातल्याच एका कवीमुळे. नारायण मुरलीधर गुप्ते, म्हणजे कवी 'बी', यांचा जन्म १८७२ साली मलकापूर येथे झाला. हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणुकी'त १८९१ साली त्यांची पहिली कविता आली. पुढचे सारे आयुष्य वऱ्हाडातल्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करण्यात गेले. 'फुलांची ओंजळ' हा संग्रह निघाला १९३४ साली, म्हणजे कवीने साठी ओलांडल्यावर. १९४७ साली छिंदवाड्यास त्यांचे निधन झाले. अर्धशतकाहून अधिक काळात त्यांच्या नावावर जमा झालेल्या कविता पन्नासाच्या घरातही जात नाहीत. कॉनोलीला हा माणूस भेटता, तर त्याने आपल्या सिद्धान्ताचा उत्तम दाखला म्हणून त्याला पुढे केले असते: कचेरी, घर, पोरेबाळे, आणि पदरात एक ओंजळ!

परंतु त्या ओंजळीत 'माझी कन्या' आहे. ही कविता न ऐकलेले मराठी घर मागल्या दोन पिढ्यांत क्वचितच असेल. पुष्कळांनी ती शाळेत पाठ केली, पुष्कळांच्या आईबापांना ती म्हणताना गहिवर आला; आणि जी कविता गहिवर आणते तिचे परीक्षण करण्याचे आपण सहसा टाळतो. तिची हकीकत साधी आहे. श्रीमंतांच्या मुली नटूनथटून, रेशमाची पोलकी घालून आल्या आहेत. कवीची मुलगी लंकेची पार्वती. तिला पाहून त्यांतली कोणी एक 'भिकारीण' असे म्हणते, आणि मुलगी डोळे भरून घरी येते. बाप तिची समजूत घालतो. कवितेचा मोठा भाग या समजुतीने व्यापलेला आहे.

आता ही समजूत कशी आहे ते पाहण्यासारखे आहे. प्रथम बाप तिच्या रूपाचे कौतुक करतो. मग मखमलीचे पोलके, मोत्यांची कुडी, सोन्याचे फूल देण्याचे कबूल करतो. कचेरीतल्या पगारात ही यादी बसणारी नव्हे, हे बापास ठाऊक आहे, आणि वाचकासही. पुढे तो तत्त्वज्ञानात शिरतो. स्त्री हे मायेचे रूप, लेण्यांची हौस तिला जन्मतःच असायची, असा काहीसा सूर लागतो. येथे कवी चुकला असे मला स्पष्ट वाटते. त्या पोरीने लेणे मागितलेलेच नाही. तिला चारचौघींत हिणविले गेले, हे तिचे दुःख आहे. अपमानाला हौस समजणे ही बापांची जुनीच खोड, आणि बाप कवी असला तर ती अधिक डौलदार शब्दांत प्रकट होते इतकेच.

पण याच भागात कवितेचे मर्म एकदम उघडे पडते. चिखलाच्या संगतीने कमळ भिकारी होते काय, धुळीने रत्न भिकारी होते काय, असे दाखले देत देत बाप अखेरीस विचारतो की माझ्यामुळे तू भिकारी कशी? 'माझ्यामुळे' हा शब्द आला की सारी दृष्टान्तमाला मागे फिरून नव्याने वाचावी लागते. चिखल कोण, धूळ कोण, हे मग सांगावे लागत नाही. इतका वेळ आपण ज्याला मुलीची समजूत म्हणत होतो ती बाप स्वतःचीच घालीत होता. मुलीला कोणी भिकारीण म्हणाले. घाव बापाला लागला. अशा पगारावर, अशा गावात बसून जो फुले वेचतो आहे, त्याच्या मनात हा हिशेब नित्य चालत असला पाहिजे. तो येथे तोंडाबाहेर पडला.

याच्याही पुढे बाप जातो. असली गुणी लेकरे देव आम्हां करंट्यांना का देतो, हे त्याच्या दूरच्या गावी जाऊन मी विचारून येतो, असे तो म्हणतो. त्या गावाला जाणारा परत येत नाही, हे मोठ्या माणसाला उमगते. स्वतःची निराशा लेकराच्या कानावर घालण्याचा हा प्रकार, खरे तर, बापपणाला शोभणारा नाही. मुलीला मात्र त्यातला 'गाव' तेवढा कळतो. रडे कुठल्या कुठे जाते, ती बापाच्या गळ्यात हात टाकते आणि मीही येते म्हणते. कविता तेथे थांबते.

हा शेवट मी कितीदा तरी शिकविला असेल. अज्ञ बालकाच्या तोंडून आलेले ते बोल किती करुण, हे मी दर वर्षी सांगे. पण एक गोष्ट माझ्या नजरेस फार उशिरा आली. कवीने त्या मुलीच्या हातांना रेशमाची उपमा दिली आहे. आरंभी श्रीमंतांच्या मुलींच्या अंगावर जे रेशीम होते तेच हे. बापाने कबूल केलेली मखमल, मोती, सोने यांतले काहीच घरात आलेले नाही. रेशीम मात्र आले आहे, आणि ते बापाच्या गळ्याभोवती आहे. बापाने इतका वेळ केलेला युक्तिवाद फुकट गेला आणि पोरीच्या दोन शब्दांनी काम झाले, हे दाखविण्यासाठी कवीने स्वतःच्या वक्तृत्वावर पाणी सोडले. ज्याच्या बोलण्यात मुलगी मध्येच कधी बोललीच नाही, असल्या कवीला हा शेवट सुचता ना.

याचा अर्थ गरिबी ही कवितेची आई आहे, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. बापाने घरात असावे म्हणजे काव्य आपोआप उमलेल, असेही नाही. उलट बाजूचा दाखला त्याच १९३४ सालचा आहे. त्या वर्षी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. रेव्हरंड टिळक केवढे कवी! जखमी पक्षिणीच्या मनातली पिलांची चिंता 'केवढे हे क्रौर्य' मध्ये त्यांनी रंगविली, तेव्हा महाराष्ट्र हळहळला. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात मात्र आपल्याला दुसरेही टिळक भेटतात: हाती पैसा आला की देऊन मोकळे होणारे, मनात आले की न सांगता घराबाहेर पडणारे. मागे घर कोणी सांभाळले, हे लिहिण्यास त्यांच्या पत्नीलाच हाती लेखणी घ्यावी लागली. तिने ते कुरकुर न करता, हसत हसत लिहिले; म्हणून आपणही हसत वाचतो आणि त्या संसाराची किंमत विसरतो. टिळकांची कविता यामुळे कमी प्रतीची ठरत नाही. पण एका कवीच्या मोकळेपणाचे देणे घरातले कोण फेडते, हे मराठीत इतके लख्ख दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही.

रवीन्द्रनाथांचे उदाहरण या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडते. १९०२ साली पत्नी गेली; पुढल्या वर्षी आजारी रेणुकेला हवापालटासाठी घेऊन ते अल्मोड्याच्या डोंगरात राहिले आणि तेथे 'शिशु'मधल्या कविता झाल्या. रेणुका त्याच वर्षी गेली. एका खोलीत दुखणेकरी मुलगी आणि हाताशी वही, हे चित्र आठवले की बाळाची गाडी कलेची वैरीण, हे म्हणणे जरा पोरकट वाटू लागते.

डोंगराचा विषय निघाला म्हणून सांगतो. 'माझी कन्या'वर लेख लिहिण्याचे मी प्रथम मनावर घेतले ते चिखलदऱ्यास, सतरा-अठरा वर्षांमागे, मे महिन्याच्या सुटीत. खाली परतवाड्यास अंगाची लाही होत होती. वर गाविलगडाच्या बाजूने गार वारा येई. मी खोलीचे दार लावून घेऊन कागद पसरी. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. पंचबोलला हाक मारली की पाच वेळा परत येते असे तिने कोणाकडून ऐकले होते, आणि रोज सकाळी ती दाराशी येऊन आज जायचे का म्हणून विचारी. हा परिच्छेद संपला की जाऊ, असे मी सांगे. चौथ्या दिवशी वळवाने गाठले, पाचव्या दिवशी आम्ही घाट उतरलो. लेखही पुरा झाला नाही. बापाच्या वात्सल्यावर मी तीन पाने लिहिली होती. ती परवा सापडली. भाषा बरी आहे. रेशमाचा उल्लेख त्यांत कोठेच नाही.

या वर्षी मुलगी चार दिवस आली, तेव्हा आम्ही पुन्हा वर गेलो. पंचबोलच्या कड्याशी उभे राहिलो. दरीत धुके इतके दाटले होते की कॉफीची झाडेदेखील दिसेनात. हाक मार ना, मी म्हटले. बाबा, आता कसली हाक, असे म्हणून ती हसली आणि रबडी कुठे चांगली मिळते ते विचारू लागली. हाक मग मीच मारली. तीनदा परत आली. बाकीच्या दोन मला ऐकू आल्या नाहीत.